भिंगावरचा आकडा

“म्हातारा नुसता हँडल फिरवतो. बघायचं काम ती पोरगी करती,” दगडू म्हणाला.

मी बैलगाडीच्या आडोशाला बसून शेळीच्या मऊ कातड्यानं भिंग पुसत होते. कोल्हारला प्रवरेच्या काठी आमची सिनेमा कंपनी उतरली होती. दगडूचं काम फळ्या धरण्याचं. चंदेरी कागद चिकटवलेल्या मोठ्या फळ्या असतात. त्यांच्यावर ऊन घ्यायचं आणि नटांच्या तोंडावर टाकायचं. दुसरा फळीवाला हसला आणि शेठला हे माहीत आहे का, असं त्यानं विचारलं.

“शेठला कळंल तवा कळंल. तवर आपुन गप ऱ्हायाचं. चाचा भला मानूस हाय.”

मी भिंग पुसत राहिले. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. ही गोष्ट फक्त दोघांना माहीत आहे, चाचांना आणि मला, अशी माझी दोन वर्षं समजूत होती.

या अंकाच्या संपादकांनी ‘सिनेमा कंपनीत काम केलेली मुलगी’ म्हणून मला लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांना नटनट्यांच्या गोष्टी हव्या असाव्यात. त्या माझ्याकडे नाहीत. मेकअपच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, या अटीवरच वडिलांनी मला ही नोकरी करू दिली होती. मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या इमामचाचांबद्दल तेवढं मला लिहिता येईल. त्यांना विचारूनच लिहिते आहे.

चाचा नगरचे, शिकलगारांच्या घरातले. सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा पिढीजात धंदा. लहानपणी सहाणेचं चाक फिरवायचं काम त्यांच्याकडे होतं. चाक एका लयीत फिरलं नाही तर धार वाकडी येते आणि वडिलांची थप्पड सरळ येते, असं ते सांगत. पुढे एका फिरत्या तंबूच्या सिनेमाबरोबर ते पळून गेले. तेव्हाचे चित्रपट मुके होते आणि कॅमेरा हातानं फिरवावा लागे. सेकंदाला दोन फेरे, ना कमी ना जास्त. हात मंदावला तर पडद्यावर माणसं धावत सुटतात, हात जोरात चालला तर पाण्यात चालल्यासारखी दिसतात. सहाणेवर तयार झालेला चाचांचा हात कधी चुकला नाही. मुंबई झाली, पुणं झालं, कोल्हापूर झालं. बोलपट आले, कॅमेऱ्याला मोटर आली, फेरे दोनाचे तीन झाले, आणि लयीच्या हाताला कुणी विचारीनासं झालं. लढाईच्या दिवसांत बेलापूरच्या एका धान्यवाल्या शेठनं नगरजवळ कापसाच्या जिनिंगच्या बंद शेडमध्ये सिनेमा कंपनी काढली, तेव्हा चाचा गावी परत आले. कंपनीची मोटर आतल्या कामापुरती होती. बाहेर, गाणी आणि देखावे घेताना, चाचाच हँडल फिरवत.

लढाईमुळे कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण होतं. परवान्यासाठी इंग्रजीत अर्ज करावे लागत. मी मिशनच्या इंग्रजी शाळेत मॅट्रिक झाले होते आणि टंकलेखन शिकले होते. वडील तिथल्याच दवाखान्यात कंपाउंडर. पहिला महिनाभर माझी आत्या रोज लोकर-सुया घेऊन शेडमध्ये माझ्याशेजारी बसली. तिथे सगळे दिवसभर नुसते उन्हाची वाट पाहत बसतात, हे पाहून ती कंटाळली आणि यायची बंद झाली.

ते खरंच आहे. सिनेमाचं काम म्हणजे बहुतेक वाट पाहणं. ढग जायची, धूळ बसायची, बाईंची वेणी सुटली ती पुन्हा घालून व्हायची. चाचांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली निळी काच असे. ती डोळ्याला लावली की रंग मरतात आणि उजेड-सावली तेवढी उरते. फिल्मवर काय उमटेल ते कळतं. उजेड मोजायचं यंत्र शेठनं मुंबईहून आणलं होतं. त्याची इंग्रजी पुस्तिका वाचून काटा बघायचं काम माझ्याकडे आलं. मी काटा वाचायच्या आत चाचा आपल्या तळहाताची मागची बाजू उन्हात धरत आणि आकडा सांगत. दहांतल्या नऊ वेळा काटा त्यांच्याशी सहमत असे. दहाव्या वेळी ते म्हणत, यंत्र आज दमलंय, राहू दे त्याला.

एकदा परवान्याची फिल्म वेळेवर आली नाही आणि शेठनं कुठून तरी जुन्या जातीची फिल्म मिळवली. तिला लाल रंग दिसतच नाही. लाल ते सगळं काळं उमटतं, पिवळंही मळकट होतं. मुक्या चित्रपटांच्या काळात सगळे याच फिल्मवर काम करत, पण आता ते चाचांनाच आठवत होतं. लग्नाचा देखावा सोनईला एका देवळासमोर घ्यायचा होता. चाचांनी नवरीला फिकट निळं लुगडं नेसवलं, म्हणजे पडद्यावर ते उजळ दिसलं असतं. बघायला जमलेल्या बायका आधी कुजबुजल्या, मग एक म्हातारी सरळ कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली. लग्नात असल्या रंगाचं लुगडं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं आणि तिच्या देवासमोर ती ते होऊ देणार नव्हती. चाचांनी तिला समजावलं, निळी काच तिच्या डोळ्याला लावली. तिनं एकदा नवरीकडे पाहिलं, एकदा चाचांच्या दाढीकडे.

“काचंतनं काय बी दिसंल बाबा,” ती म्हणाली. “देव काय काच लावून बसलाय?”

शेवटी चाचांनी पिवळं लुगडं मागवलं, तेच नेसवलं आणि देखावा घेतला. पडद्यावर नवरी धुरात उभी असल्यासारखी काळवंडली. शेठ चिडले. चाचा मला म्हणाले, म्हातारीचा देव आपल्या फिल्मपेक्षा जुना हाय, त्याचं ऐकावं लागतं.

आणखी एक गोष्ट सांगायची, तिचा मला अजून त्रास होतो. एका गावच्या पाटलांनी मळ्यात काम करू दिलं, पण आपला खोंड सिनेमात घ्यायचा अशी अट घातली. खोंडाला झूल घातली, शिंगं रंगवली, पाटील स्वतः पटका बांधून शेजारी उभे राहिले. आमच्याजवळ फिल्मचे दोनच डबे शिल्लक होते. चाचांनी रिकाम्या कॅमेऱ्याचं हँडल पाच मिनिटं अगदी मन लावून फिरवलं, पाटलांना जरा डावीकडे व्हायला सांगितलं, पुन्हा फिरवलं. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. पुढे तो चित्रपट नगरला लागला तेव्हा पाटील घरच्या दहा माणसांना घेऊन आले. खेळ सुटल्यावर ते बाहेर चाचांना भेटले. फक्त खोंड त्या पावसाळ्यात गेला, एवढं सांगून गाडीत बसले. त्यानंतर चाचांनी रिकामा कॅमेरा फिरवला नाही. मळ्यातल्या त्या दिवशी माझ्या वहीत मी काय लिहावं, असं मी विचारलं होतं. काही लिहू नको, ते म्हणाले.

वहीवरून आठवलं. प्रत्येक देखाव्याला भिंग कोणतं, अंतर किती, उजेड किती हे मी लिहून ठेवत असे. अंतराचं जरा समजावून सांगते. नटाच्या डोळ्यापासून कॅमेऱ्यापर्यंत टेप धरून फूट मोजायचे आणि भिंगावरची कडी फिरवून तोच आकडा लावायचा. आकडा चुकला तर माणूस धूसर येतो. त्यानंतर कॅमेरावाला कॅमेऱ्याच्या आतल्या दुधी काचेवर डोळा लावून खात्री करतो. तिथे सगळं उलटं दिसतं, पाय वर आणि डोकं खाली. चाचा म्हणत, तीस वर्षं जग उलटं बघून आता सुलटंच विचित्र वाटतं.

मी नोकरीला लागल्यानंतर काही महिन्यांनी एकदा चाचांनी कडी फिरवता फिरवता मला विचारलं, “पोरी, हितं आठ हाय का सा?” मी सहा म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मग विचारणं बंद झालं. मी कडीवर बोट ठेवायची, ते माझ्या बोटावर आपला हात ठेवायचे आणि बघणाऱ्याला वाटायचं की कडी चाचाच फिरवताहेत आणि मी वहीत लिहायला वाकले आहे. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. त्यांच्या डाव्या डोळ्याच्या बाहुलीत दुधाचा थेंब पडल्यासारखं दिसायला लागलं होतं आणि उजव्यातही सुरुवात होती. कंपाउंडरच्या मुलीला ते काय आहे हे माहीत होतं. शेठला कळलं असतं तर मुंबईहून दुसरा माणूस आठवड्यात आला असता. मला वाटायचं, मी चाचांचे डोळे सांभाळते आहे. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानही वाटायचा. मला चारचौघांत दोन वाक्यं नीट बोलता येत नव्हती, पण एका मोठ्या माणसाचं काम माझ्या बोटावर चाललं होतं.

तर कोल्हार. धनगरांचा एक मोठा कळप प्रवरेच्या उथळ जागेतून पलीकडे जाणार होता आणि नायिका पाण्याच्या मधोमध उभी, तिच्या दोन्ही अंगांनी मेंढरं वाहत जातात, असा देखावा दिग्दर्शकांच्या मनात भरला होता. कळप एकदाच जाणार. धनगर थांबायला तयार नव्हते. पुढे चारा होता. मेंढरं बुजू नयेत म्हणून कॅमेरा काठावर ठेवायचा आणि लांबचं जवळ आणणारं भिंग लावायचं ठरलं. तसं भिंग कंपनीकडे नव्हतं. शेठनं मुंबईहून एक जर्मन भिंग दोन आठवड्यांसाठी मागवलं. मी पुसत होते ते तेच.

मी टेप घेऊन गुडघाभर पाण्यात गेले, नायिकेच्या डोळ्यापासून काठावरच्या कॅमेऱ्यापर्यंत मोजलं. बरोबर वीस फूट. परत येऊन कडीवर वीसचा आकडा शोधला आणि त्यावर बोट ठेवलं. चाचांनी हात ठेवला, कडी फिरली. मग ते वाकले आणि दुधी काचेला डोळा लावला. ऊन उतरायला लागलं होतं, कळप काठाशी दाटला होता, धनगर हाळी देत होते. चाचा नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकलेले राहिले.

“पोरी, धुरकट वाटतंय,” ते हळूच म्हणाले.

“टेप लावलीय चाचा. वीस.”

त्यांनी डोळा खांद्याला पुसला, पुन्हा लावला. “पुन्यांदा बघ.”

मी पुन्हा आकडा पाहिला. वीस होता. दगडूचं ते वाक्य सकाळपासून माझ्या कानात होतं. दगडू चार हात अंतरावर फळी धरून आमच्याकडेच पाहत होता. चाचा आणखी थोडा वेळ असेच वाकून राहिले तर सगळ्यांनाच कळेल, असं मला वाटलं.

“वीसच आहे. तुम्ही फिरवा,” मी म्हणाले.

“मग आसंल बरूबर,” ते म्हणाले, आणि हँडल हातात घेतलं.

मेंढरं पाण्यात उतरली. इतकं सुंदर काही मी कंपनीतल्या सगळ्या वर्षांत पाहिलं नाही. नायिका स्वतःच घाबरून खरीखुरी हसली. चाचांचा हात सहाणेच्या चाकासारखा फिरत होता, शेवटचं मेंढरू पलीकडे चढेपर्यंत.

फिल्म पुण्याला धुऊन आली. सकाळी खेळ नसताना नगरच्या एका थिएटरात आम्ही ती पाहिली: शेठ, दिग्दर्शक, चाचा आणि वही घेऊन मागे मी. पलीकडच्या काठावरच्या बाभळीचा काटा न् काटा दिसत होता. तिच्या पुढे पाण्यात एक पांढरट डाग उभा होता आणि त्याच्या अंगावरून लोकरीसारखं काहीतरी सरकत होतं. बाई होती एवढंच कळत होतं.

दिवे लागले. शेठ चाचांकडे वळले. मग त्यांनी विचारलं, आकडा कोणी लावला होता.

“मी,” चाचा म्हणाले. “हँडल फिरवताना हात लागला आसंल कडीला. काचंत बगितलं तवा नीट दिसलं न्हाई मला. डोळा गेलाय शेठ. लई दिस झालं सांगीन म्हनत हुतो.”

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात ठेवण्यातच सगळं आलं. मी मागे वही मिटून घेतली. त्या वेळी मलाही चाचांचं खरं वाटलं. हात लागला असेल. डोळा गेला आहेच.

दोन दिवसांनी भिंग मुंबईला परत पाठवायचं होतं. चाचाही त्याच सकाळी आपल्याकडचं कंपनीचं सामान परत द्यायला शेडमध्ये आले होते. ते खुर्चीवर बसून कातड्याचे रुमाल एकावर एक घडी करून ठेवत होते. मी भिंग पेटीत ठेवताना दारातल्या उजेडात कडी फिरवून पाहिली. आकड्यांच्या ओळीच्या शेवटी एक बारीक ‘m’ कोरलेला होता. मी तो आधीही पाहिला होता आणि कारखान्याची खूण समजले होते. आमची सगळी भिंगं फुटांची. हे भिंग मीटरचं होतं. शाळेत मीटरची गणितं मी पानंच्या पानं केली होती. वीस मीटर म्हणजे पासष्ट फूट. म्हणजे पलीकडची बाभळ.

मी भिंग हातात धरून उभी राहिले. चाचा माझ्यापासून पाच फुटांवर होते. त्यांनी विचारलं, पेटी नीट बसली का. मी हो म्हणाले. पेटीला दोरी बांधली.

का बोलले नाही, याची मी नंतर पुष्कळ कारणं तयार केली. बोलले असते तर कडी मी फिरवत होते हे उघड झालं असतं आणि चाचांचं आणखी हसू झालं असतं. आता सांगून फिल्म काही परत येणार नाही. मेंढरं पार पुढे गेली. ही सगळी कारणं मी मनात इंग्रजीत मांडत असे. मला अवघड गोष्टी इंग्रजीत मांडायची सवय आहे, त्यात त्या दुसऱ्या कुणाच्या वाटतात. मराठीत एवढंच होतं की मी घाबरले.

मुंबईहून नवीन कॅमेरावाला आला. तो कडी स्वतः फिरवत असे आणि मला काटा बघायलाही देत नसे. आणखी दीड वर्ष मी अर्ज टाइप केले. मग लढाई संपली, फिल्म मिळायला लागली, आणि कंपनीकडे तेव्हा दुसरं काहीच उरलं नव्हतं. शेडमध्ये पुन्हा कापूस आला. मी शाळेत शिकवायला लागले. मला घाबरायचं कारण नाही, हे मुलींना लवकर कळलं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी वडील जेवताना सहज म्हणाले, तुझे इमामचाचा दवाखान्यात आले होते. त्यांच्या भावानं हाताला धरून आणलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. डॉक्टर म्हणाले, काढला तर चांगलं दिसेल. चाचांनी नाही म्हणून सांगितलं. डॉक्टरांना वाटलं, शस्त्राला घाबरतात. शिकलगार कसला शस्त्राला घाबरतो, वडील म्हणाले. त्यांनी चाचांना बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा ते म्हणाले, ज्या डोळ्यांनी ऐन वेळी दगा दिला त्यांच्यासाठी एवढी धडपड कशाला करायची. आता हाताला दिसतं तेवढं पुरे.

मी जेवण टाकून उठले नाही. ताट स्वच्छ केलं, हात धुतले, छत्री घेतली आणि निघाले.

चाचा भावाच्या दुकानात ओट्यावर बसले होते. चाक पुतण्या फिरवत होता. शिंप्यांच्या कात्र्या समोर पडल्या होत्या आणि चाचा एकेक कात्री उचलून अंगठ्यानं धार तपासत होते. गळ्यात निळी काच नव्हती. मी समोर उभी राहिले तरी त्यांना कळलं नाही. मी हाक मारली तेव्हा त्यांनी तोंड वर केलं आणि ओळखलं. पोरी, उन्हाची कशाला आलीस, म्हणाले. पुतण्याला पाणी आणायला पाठवलं. चाक थांबलं.

सबंध रस्ताभर मी वाक्य इंग्रजीत जुळवत आले होते. ते तिथे उपयोगाचं नव्हतं. मी ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले, त्यांच्या हातातली कात्री काढून बाजूला ठेवली आणि कडीवर ठेवायची तसं माझं बोट त्यांच्या हाताखाली ठेवलं.

“चाचा,” मी म्हणाले, “ते भिंग मीटरचं होतं. आकडा मी चुकवला. कोल्हारला तुम्हाला धुरकट दिसलं ना, ते धुरकटच होतं. तुमच्या डोळ्यांना बरोबर दिसत होतं.”